सतरा रुपये सत्तर पैसे

काका, नमस्कार. मी कळव्याला राहते आणि वागळे इस्टेटमध्ये पॅकिंगचं सामान विकणाऱ्या एका प्रायव्हेट लिमिटेड कंपनीत अकाउंट्स बघते. बीओपीपी टेप, स्ट्रेच फिल्म, बबल रोल असा माल आहे आणि गिऱ्हाइकं ठाण्यापासून महापे-रबाळ्यापर्यंत. मला कामाला लागून चार महिने झाले. टॅलीत, म्हणजे आमच्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये, आउटस्टँडिंग (येणं बाकी असलेल्यांची यादी) काढलं की ४१८ नावं येतात आणि त्यातल्या २६३ जणांकडे शंभर रुपयांच्या आतलं येणं दिसतं. कुणाकडे दहा पैसे, कुणाकडे १७.७०, कुणाकडे ६०. काहींची रक्कम उलटी आहे, म्हणजे आपणच त्यांचे दोन-तीन रुपये देणं लागतो. माझ्या आधीचे गृहस्थ बिल पूर्ण मिटवायचे आणि राहिलेला फरक रोख आला असं दाखवायचे, पण तेही मनात येईल तेव्हा. आता टॅलीतली कॅश तिजोरीपेक्षा अडीच हजारांनी जास्त आहे. शेठ म्हणतात, ‘एकदाच उडवून टाक, कशाला डोकं लावतेस.’ सीए म्हणतात, मार्चच्या आत साफ करा. गेल्या आठवड्यात मी सगळ्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर आठवण पाठवली, तर रबाळ्याच्या एका गिऱ्हाइकाने ७ रुपये ८ पैशांसाठी फोन करून झाडलं, ‘आधी स्वतःचा भाव बघा, मग पैसे मागा.’ फोन ठेवल्यावर रडूच आलं. एक जर्नल, म्हणजे पैसे न येता केलेली नुसती हिशोबी नोंद, मारून सगळी नावं शून्य केली तर चालेल का? जीएसटीचं काही निघेल का? आणि मला अगं-तुगं केलंत तरी चालेल.
– एक वाचक, कळवा

तुला सरळ उत्तर हवंय, ते आधी देतो. एक जर्नल मारून २६३ नावं शून्य करता येतात. टॅली अडवत नाही आणि त्यासाठी जीएसटीचा माणूसही दारात येत नाही. पण आज मारू नकोस. आधी मला अर्धा दिवस दे, शनिवारची दुपार दे, फोन कमी वाजतात तेव्हाची. त्या यादीतली बरीचशी नावं खरोखर उडवण्याजोगीच निघतील. उरलेल्यांत मात्र कुठे तुमच्या नावावर भरलेला टॅक्स लपलेला असेल, कुठे फाटका माल, कुठे आपलीच चूक. हे सगळं एकाच फडक्याने पुसलं तर मग शोधायला काही उरत नाही.

काम असं कर. आउटस्टँडिंग गिऱ्हाइकवार काढू नकोस, बिलवार काढ. एखाद्या गिऱ्हाइकाकडे १,२४० रुपये येणं दिसतं म्हणून तू त्याला मोठ्या यादीत ठेवलं असशील, आणि ते प्रत्यक्षात वीस बिलांवर राहिलेले बासष्ट-बासष्ट रुपये असतील. यादी एक्सेलमध्ये घे आणि नावावर नाही, रकमेवर सॉर्ट कर. एवढंच. नावांच्या क्रमाने बघितली तर ती यादी म्हणजे नुसता केर. रकमेच्या क्रमाने लावली की सारखे आकडे एकाखाली एक येऊन बसतात. तुझ्या पत्रातच एक आहे बघ, १७.७०. माझी पैज आहे, असे निदान पाच-सहा निघतील, वेगवेगळ्या गावच्या वेगवेगळ्या गिऱ्हाइकांचे.

हा सतरा सत्तर म्हणजे एनईएफटीचा खर्च. बँकांनी एनईएफटीला जास्तीत जास्त किती घ्यावं हे रिझर्व्ह बँकेने ठरवून दिलंय. दहा हजारांपर्यंत अडीच रुपये, एक लाखापर्यंत पाच, दोन लाखांपर्यंत पंधरा, त्यापुढे पंचवीस. वर अठरा टक्के जीएसटी. म्हणजे २.९५, ५.९०, १७.७० आणि २९.५०. हे चार आकडे पाठ करून ठेव, पाढ्यासारखे. आरटीजीएसचे आणखी दोन आहेत. दोन ते पाच लाखांना २४.५० अधिक कर म्हणजे २८.९१, आणि पाच लाखांवर ४९.५० अधिक कर म्हणजे ५८.४१. गिऱ्हाइकाच्या करंट खात्याला बँकेने हा खर्च लावला आणि त्याने तो तुमच्या पेमेंटमधून वळता केला. तो कापायचा त्याला हक्क होता का? ऑर्डरवर तसं काही लिहिलेलं नसेल तर नव्हता. पण सतरा रुपयांसाठी वाद घालायला तू फोन लावलास तर फोनवर गेलेला तुझा वेळ त्याहून महाग.

ही रक्कम उडव. फक्त ती ‘बँक चार्जेस’ या लेजरला, म्हणजे खात्याला, टाकू नकोस. नव्या पोरांची ही नेहमीची चूक. बँकेने तो खर्च गिऱ्हाइकाला लावलाय, जीएसटीचं क्रेडिट, म्हणजे भरलेला कर वळता करून घेण्याचा हक्कही, त्याचाच. तुमच्या बँक चार्जेसमध्ये तो मिसळला की महिन्याच्या शेवटी बँकेच्या स्टेटमेंटशी ते लेजर जुळत नाही आणि मग तू दोन रुपये पंच्याण्णव पैसे शोधत रात्री आठपर्यंत बसतेस.

मग टाकायची कुठे? त्यासाठी वेगळं लेजर उघड. मी सुरुवातीची काही वर्षं वाशीच्या मसाला मार्केटमध्ये काढली. शेठ कच्छी होते, मस्जिद बंदरहून वाशीला आलेले. त्यांच्या लाल चोपडीत एका पानाच्या डोक्यावर ‘कसर-वटाव’ असं लिहिलेलं असायचं. हिशोब मिटवताना इकडे-तिकडे झालेले पैसे त्या पानावर जायचे आणि दिवाळीला शेठ ते पान स्वतः वाचायचे, बाकीची चोपडी मुनीमजी वाचून दाखवत. आजही त्या बाजारातल्या टॅलीमध्ये हे नाव सापडतं. तूही तेच नाव दे, इनडायरेक्ट एक्स्पेन्सेसखाली. ‘डिस्काउंट’ म्हणू नकोस, डिस्काउंट आपण देतो, हे तर गिऱ्हाइकाने आपणहून घेतलेलं आहे. आणि ‘राउंड ऑफ’मध्येही मिसळू नकोस. त्याचं काम वेगळं आहे, त्याकडे येतोच.

आता साठ रुपयांकडे वळू. तुझ्या पत्रातला मला सगळ्यात जास्त काळजीचा वाटलेला आकडा हाच.

समज, ६०,००० चा माल गेला. अठरा टक्क्यांनी १०,८०० जीएसटी, बिल ७०,८०० चं. बँकेत आले ७०,७४०. फरक साठ. साठ हजारांवर साठ म्हणजे बरोबर ०.१ टक्का. मोठं गिऱ्हाईक, ज्याची उलाढाल आदल्या वर्षी दहा कोटींवर होती आणि जो वर्षात तुमच्याकडून पन्नास लाखांवर माल घेतो, त्याला पन्नास लाखांपुढच्या खरेदीवर एवढा टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापून सरकारकडे भरायचा कर, कापावा लागतो. १ जुलै २०२१ पासून हे सुरू झालं आणि आपण सगळे त्याला कलमाच्या आकड्यावरून १९४ क्यू म्हणूनच ओळखतो. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाल्यावर कलमांचे आकडे बदलतात, कापायचा दर मात्र तोच. आणि तो जीएसटी सोडून मूळ रकमेवर कापतात, म्हणून ७०,८०० वर हिशोब मांडशील तर आकडा कधीच जमणार नाही.

हे साठ रुपये बुडालेले नाहीत. ते सरकारकडे तुमच्या कंपनीच्या पॅनवर जमा आहेत आणि कंपनीचं रिटर्न भरताना वळते होणार आहेत. ते तू कसर-वटावला टाकलेस तर तुमचाच पैसा खर्च म्हणून लिहिलास, आणि आयकराच्या पोर्टलवर जमा दिसणारा टॅक्स वहीत कुठेच नाही अशी गंमत होते. सीए हुशार असले तर पकडतील, पण त्यांच्याकडे मार्चमध्ये तुमच्यासारखे किती क्लायंट असतात ते तू बघितलंच असशील. म्हणून मूळ रकमेच्या बरोबर ०.१, १, २ किंवा १० टक्के असा फरक दिसला की हात आखडता घे. आधी २६ एएस, म्हणजे तुमच्या पॅनवर जमा झालेल्या कराचा तक्ता, उघडून त्या गिऱ्हाइकाचं नाव शोध. सापडलं तर ‘टीडीएस येणे’ नावे (डेबिट) आणि गिऱ्हाईक जमा (क्रेडिट). नाही सापडलं तर त्याच्या अकाउंट्सवाल्याला विचार की कापलाय पण भरलाय का? हा फोन मात्र साठ रुपयांचा असला तरी कर. यात लाजायचं काही नाही, कारण समोरचा माणूसही तुझ्यासारखाच खुर्चीत बसलेला असतो.

शंभर रुपयांच्या आत टीडीएस मोठा वाटत नाही. पण पन्नास लाखांची रेषा फेब्रुवारीत ओलांडणारं गिऱ्हाईक मार्चअखेर दोन-तीनच बिलांवर कापतं आणि नेमकं तुझ्या ‘उडवायच्या’ यादीत येऊन बसतं.

त्यानंतर बघायचे ते माल परत आल्याचे आकडे. तुमच्या टेपचा भाव ४१.३५ असेल तर दोन रोल ८२.७० चे आणि कर धरून ९७.५९. यादीत ९७.५९ किंवा गोळा ९८ दिसले की समज, गिऱ्हाइकाला दोन रोल दबलेले किंवा चिकटलेले मिळाले आणि त्याने ते न सांगता कापले. हे मात्र कसर-वटाव नव्हे. माल खराब गेला, म्हणजे विक्रीच तेवढी कमी झाली. त्याला जीएसटीसकट क्रेडिट नोट, म्हणजे बिल तेवढ्याने कमी केल्याचा कागद, द्यायची. ती दिली की तुमचा पंधराएक रुपये कर कमी होतो, ते जाऊ दे, पण त्याने त्या दोन रोलवर घेतलेलं क्रेडिटही त्याला परत करता येतं आणि दोघांची पुस्तकं जुळतात. क्रेडिट नोटला मुदत असते. ज्या आर्थिक वर्षातलं बिल, ते वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत ती रिटर्नमध्ये दाखवावी लागते, आणि वार्षिक रिटर्न त्याआधी भरलं तर तोपर्यंतच. मुदत गेलेली असेल तर जीएसटी विसर, साधी हिशोबी क्रेडिट नोट कर आणि मोकळी हो. शिवाय ९७.५९ चार ठिकाणी दिसले तर ती गोष्ट हिशोबाची राहत नाही. गोडाऊनमध्ये जाऊन रोल उन्हात ठेवतात का, थरावर थर किती रचतात, ते बघायला शेठना सांग. हे तुझ्या यादीने त्यांना सांगितलं तर तुझी किंमतही जरा वाढेल.

पैशांचे फरक तर सर्वांत जास्त असतील आणि त्यांच्यावर सर्वांत कमी वेळ घालव. ४१.३५ च्या भावाने ७२ रोल म्हणजे २,९७७.२०. नऊ-नऊ टक्क्यांचे २६७.९५ दोनदा. बेरीज ३,५१३.१०. गिऱ्हाइकाने ३,५१३ पाठवले, दहा पैसे राहिले. दोष त्याचा नाही. ३० जून २०११ नंतर चार आणेसुद्धा चलनात नाहीत. आठ आणे कायद्याने अजून चालतात म्हणतात, एकदा जांभळी नाक्यावर भाजीवाल्याला देऊन बघ. दोष बिलाचा आहे, कारण त्यात राउंड ऑफ लावलेलंच नाही. टॅलीत ‘राउंड ऑफ’ नावाचं लेजर करताना त्याचा प्रकार इनव्हॉइस राउंडिंग ठेव, पद्धत नॉर्मल, मर्यादा १. मग बिलच ३,५१३ चं छापलं जाईल आणि दहा पैसे जन्मालाच येणार नाहीत. बिल करणारा मुलगा ती ओळ घालायला विसरतो म्हणून व्हाउचरच्या साच्यातच ती बसवून घे. आणि वर म्हटलं ते हेच, की बिल करताना आपण केलेला फरक राउंड ऑफला आणि पैसे येताना पडलेला फरक कसर-वटावला. दोन्ही एकत्र केलेस तर कोण किती कापतंय ते कधीच कळणार नाही.

आणखी एक जात असते. एका नावावर ४५ येणे आणि दुसऱ्या मिळत्याजुळत्या नावावर बरोबर ४५ देणे. आपल्याकडे ‘साई’ आणि ‘श्री’ने सुरू होणारी लेजरं किती ते मोज, म्हणजे हे का होतं ते कळेल. जीएसटी नंबर बघून एकाचं दुसऱ्याला फिरव. तसंच काही गिऱ्हाइकांची शिल्लक शून्य असूनही बिलवार यादीत दोन ओळी दिसतील, कारण रिसीट ‘ऑन अकाउंट’ टाकली आणि बिलाला लावायची राहिली. त्याला नवी नोंद नको, जुन्या रिसीटमध्ये ‘अगेन्स्ट रेफ’ने बिल नंबर लाव.

इतकं झालं की उरेल ते खरं उडवायचं. आता ते जर्नल. एफ-७ दाब. नावे कसर-वटाव, जमा एकाखाली एक गिऱ्हाइकं, आणि प्रत्येकाला अगेन्स्ट रेफने त्याचा बिल नंबर. ‘न्यू रेफ’ दिलास तर जुनं बिल तसंच राहील आणि शेजारी एक उलटी ओळ नव्याने उगवेल, म्हणजे २६३ च्या ५२६ ओळी. हे मी स्वतः एकदा केलंय, म्हणून सांगतो. तारीख चालू वर्षातली घाल. बिल दोन वर्षांपूर्वीचं असलं तरी त्या वर्षात मागे जाऊ नकोस, तो ताळेबंद सही होऊन गेलाय. नॅरेशनमध्ये, म्हणजे नोंदीखालच्या शेऱ्यात, ‘किरकोळ फरक’ एवढंच लिहू नकोस, ‘यादी क्रमांक १, शेठ यांच्या मंजुरीने’ असं लिही आणि ती यादी छापून तिच्यावर शेठची सही घे. शेठ ‘सही कशाला’ म्हणतील. हसून कागद पुढे कर.

सही का, तर एक किस्सा सांगतो. नव्वदच्या दशकात ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यात मी असिस्टंट होतो. वसुलीला जाणारा माणूस दुकानदाराकडून १,२५० पूर्ण घ्यायचा आणि ऑफिसात १,२०० भरून सांगायचा, ‘पार्टीने पन्नास कापले.’ आम्ही बिनबोभाट ते वटावला टाकायचो. पन्नासच तर होते. दोन वर्षांनी एका दुकानदाराने जुनी पावती दाखवली तेव्हा उलगडा झाला. वटावचं खातं उघडून बसलो तर सगळे पन्नास एकाच रूटचे, आणि एकाही आकड्याला पैसे नाहीत. गिऱ्हाईक स्वतः कापतं तेव्हा फरक वाकडातिकडा येतो. गोळा पन्नास, गोळा शंभर वारंवार आले की मला अजूनही तो माणूस आठवतो. म्हणून तुमच्याकडेही जो पैसे आणतो त्याच्या सांगण्यावरून रक्कम उडवायची नाही.

आधीच्या गृहस्थांची कॅश याच गल्लीत येते. त्यांनी चोरी केली असं मी म्हणत नाही. उलट बहुतेक हा निव्वळ आळस आहे, कारण न आलेले पैसे आले म्हणून दाखवणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. पण शेठसमोर एकदा तिजोरी मोज, मोजणीच्या कागदावर दोघांच्या सह्या कर आणि टॅलीतला जास्तीचा आकडा त्याच दिवसाच्या तारखेने एका नोंदीत बाहेर काढ. त्या अडीच हजारांत टीडीएस किंवा क्रेडिट नोटेचे काही आकडे आहेत का ते रोख रिसीटच्या यादीवरून आधी चाळून घे, राहिलेलं कसर-वटावला. सीएंना तोंडी नको, ईमेलवर कळव. जुन्या रिसीट डिलीट करायचा मोह होईल, करू नकोस. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना असंच सॉफ्टवेअर वापरावं लागतं की जे प्रत्येक बदल तारखेसकट नोंदवून ठेवतं आणि ती नोंद बंद करता येत नाही. तुमची प्रायव्हेट लिमिटेड आहे. तू काय पुसलंस ते ऑडिटरला पुसलेलं म्हणून दिसेल, आणि गंमत म्हणजे त्यात नाव तुझं असेल, त्यांचं नाही.

उलट्या रकमांचं वेगळं आहे. तो गिऱ्हाइकाचा पैसा आहे. ४,९९८ च्या बिलाला त्याने ५,००० पाठवले, दोन रुपये तुमच्याकडे. चालू गिऱ्हाईक असेल तर पुढच्या बिलाला लाव, विषय संपला. ज्याच्याशी दोन-तीन वर्षांत व्यवहार नाही त्याचं देणं मिटवून ते उत्पन्नात दाखव, पण त्यासाठी वेगळं लेजर, इनडायरेक्ट इन्कमखाली. येणं आणि देणं एकमेकांत वजा करून उरलेला फरक लिहायचा नाही. येणं ६,४०० आणि देणं ३,९०० असेल आणि तू नुसते अडीच हजार लिहिलेस, तर प्रत्यक्षात दहा हजारांची उलथापालथ झाली हे कुणालाच दिसत नाही.

टॅक्सचं दोन वाक्यांत. जीएसटीत बुडीत येण्यावर कर परत मिळत नाही, म्हणून कसर-वटावच्या नोंदीत जीएसटीला हात लावायचाच नाही, ना कमी ना जास्त. आयकरात ही रक्कम खर्च म्हणून चालते. पूर्वी ‘खरंच बुडालं हे दाखवा’ असा वाद व्हायचा, पण २०१० मध्ये टीआरएफ लिमिटेडच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की वहीत बुडीत म्हणून लिहिलं एवढं पुरेसं आहे.

पुढच्या वर्षी पुन्हा २६३ होऊ नयेत यासाठी शेठकडून एक आकडा घे. मी असतो तर बिलामागे दहा रुपयांपर्यंत तुला मोकळीक दिली असती, दहा ते शंभर महिन्याच्या यादीत शेठच्या सहीने, वरचं गिऱ्हाइकाला विचारून. दहाच्या आतलं तर पैसे जमा करतानाच मिटव. रिसीट डबल एन्ट्री मोडमध्ये घेतलीस की बँकेला ३,५१३ नावे, कसर-वटावला दहा पैसे नावे, गिऱ्हाईक ३,५१३.१० जमा. बँकेच्या ओळीत मात्र बँकेत आले तेवढेच, पैशाचाही फेरफार नाही. तुमच्या आधीच्या गृहस्थांचं सगळं इथेच फिसकटलं. आठवणीचे मेसेज शंभरच्या वरच्यांनाच जातील असं लाव. सतरा रुपयांचा मेसेज ज्याला जातो त्याच्या वहीत तुमचं खातं शून्यावर मिटलेलं असतं. त्याला वाटतं की आपल्याला खोटं पाडतायत.

आता रबाळ्याचे गृहस्थ. तुला रडू आलं ते वाचून वाईट वाटलं, बोलायची पद्धत चुकलीच त्यांची. पण ते काय बोलले ते पुन्हा वाच. ‘आधी स्वतःचा भाव बघा.’ आणि रक्कम आहे ७ रुपये ८ पैसे. बँकेच्या खर्चात हा आकडा नाही. गोळाही नाही. सहावर अठरा टक्के लाव, ७.०८ येतात. आणि सहा म्हणजे बारा नगांवर पन्नास-पन्नास पैसे. मला वाटतं, तुमच्या सेल्समनने फोनवर एक भाव कबूल केला आणि बिल करणाऱ्याने यादीतला, आठ आण्यांनी चढा भाव लावला. त्यांनी ठरल्या भावाने पैसे भरले आणि वर तुझा मेसेज गेला.

सोमवारी ते बिल काढ, त्यात बारा नग आहेत का बघ, आणि सेल्समनच्या फोनमधला ऑर्डरचा मेसेज मागून घे. भाव खरंच पन्नास पैशांनी जास्त लागलेला असला तर हे उडवायचं नाही, ७.०८ ची जीएसटीसकट क्रेडिट नोट करायची, त्यांना पाठवायची, आणि मग फोन लावायचा. फोन तूच लाव, शेठना लावू देऊ नकोस.